गोदीतला क्लॅरिनेटवाला

(फुले-आंबेडकर जयंतीच्या महिन्यात, महाराष्ट्राबाहेरच्या एका मराठी वस्तीतल्या बुद्धविहारात झालेल्या भाषणाचं हे संपादित शब्दांकन.)



बाहेर फलकावर आजचा विषय वाचून एका काकांनी मला थांबवलं. म्हणाले, "जॅझ म्हणजे ते मोठ्या हॉटेलातलं संगीत ना? त्याचा आपल्याशी काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. मीही बरीच वर्षं जॅझ म्हणजे मंद दिवे, सूट-बूट आणि इंग्रजी बोलणारी माणसं असंच समजत होतो. हे चित्र कोणी तयार केलं आणि त्यातून कोणाला बाहेर काढलं, हाच आजचा विषय आहे.

काळ्या अमेरिकेशी आपलं नातं नवं नाही. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांपुढे जाणाऱ्या काळ्या लोकांच्या अर्जाची चौकशी केली होती. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तेव्हा नावच तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतलं. त्यांची चळवळ आणि त्यांचं साहित्य आपण वाचलं. त्यांचे वाजंत्री मात्र आपण पाहिले नाहीत. आज त्यांच्याबद्दल बोलतो. लुई आर्मस्ट्राँगसारख्या जगप्रसिद्ध माणसाबद्दल नाही, त्याच्या आगेमागे उभे राहून वाजवणाऱ्यांबद्दल.

हे संगीत जन्मलं ते न्यू ऑर्लिन्स या शहरात. मिसिसिपी नदीच्या काठावरचं हे बंदर. कापूस, साखर आणि गुलाम यांच्या व्यापारावर वाढलेलं. गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली, पण मोकळ्या झालेल्या माणसांकडे ना जमीन होती, ना घर. डॉक्टर आणि दफनाचा खर्च यासाठी त्यांनी वस्तीवस्तीत मदत मंडळं काढली. दर महिन्याला थोडी वर्गणी भरायची, आजारपणात औषध मिळायचं आणि मेल्यावर मंडळाचा बँड मातीला यायचा.

ती अंत्ययात्रा कशी असे? स्मशानाकडे जाताना बँड अगदी संथ, जड चालीत भजनं वाजवणार. छोट्या ड्रमच्या तारांमध्ये रुमाल सारलेला असे, त्यामुळे आवाज दबका येई. माणूस मातीआड झाला की रुमाल काढायचा, ड्रम कडकडायचा आणि परतीच्या वाटेवर बँड नाचरी गाणी वाजवायचा. मागून सगळी वस्ती नाचत येई. अशा रस्त्यावरच्या बँडमधून आणि गरिबांच्या नाचघरांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला जे वाजू लागलं, त्याला पुढे जॅझ म्हटलं गेलं.

इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ. अंत्ययात्रेत वाजवणं म्हटल्यावर आपल्याला आपली हलगी आठवते, तमिळनाडूतली परई आठवते. पण दोन्ही एकच नाही. आपल्याकडे मयताला वाजवणं हे जन्माने लादलेलं काम होतं. नाही म्हटलं तर गावाचा बहिष्कार. म्हणून अनेक गावांत आपल्या लोकांनी ते वाजवणंच सोडलं, आणि तो स्वाभिमानाचा निर्णय होता. पुढे तमिळनाडूत दलित तरुणांनी तीच परई प्रतिकाराचं वाद्य म्हणून पुन्हा हातात घेतली, तोही स्वाभिमानाचाच निर्णय. न्यू ऑर्लिन्सचा वादक मात्र आपल्याच लोकांच्या मंडळाकडून पैसे ठरवून घेऊन वाजवत होता. वंश आणि जात यांची तुलना करताना हा फरक आपण विसरू नये.

पण एक गोष्ट मात्र ओळखीची वाटेल. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं, तशी उतरंड त्या शहरातही होती. कनाल स्ट्रीट नावाच्या रुंद रस्त्याच्या एका बाजूला क्रिओल लोक राहत. फ्रेंच बोलणारे, मिश्र रक्ताचे, त्यांतले बरेच गुलामगिरीच्या काळातही स्वतंत्र असलेले. त्यांच्या मुलांना संगीत शिक्षक मिळत, नोटेशन वाचता येई. दुसऱ्या बाजूला मळ्यांवरून आलेले गडद रंगाचे गरीब लोक. ते कानाने शिकत. क्रिओल वादक यांच्या वाजवण्याला गावंढळ म्हणत. मग गोऱ्यांनी वेगळ्या डब्यांचा कायदा आणला. होमर प्लेसी नावाचा क्रिओल चांभार त्याविरुद्ध मुद्दाम गोऱ्यांच्या डब्यात बसला आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १८९६ मध्ये तो हरला. कायद्यापुढे आता क्रिओल आणि काळे सारखेच खाली. नोटेशन वाचणारे आणि कानाने वाजवणारे एकाच बँडमध्ये येऊ लागले. वरून ढकलल्यामुळे झालेली ही भेट होती, पण तिच्यातून जगाचं संगीत बदललं.

आता माणसांकडे येऊ. आधी त्यांचे धंदे ऐका. मॅन्युएल पेरेझ हा नावाजलेला कॉर्नेटवादक, पण पोटासाठी सिगार वळायचा. अल्फोन्स पिकू क्लॅरिनेटवाला आणि पत्र्याचं काम करणारा कारागीर. जॉनी सेंट सीर १९२५ पासून आर्मस्ट्राँगच्या गाजलेल्या ‘हॉट फाइव्ह’ ध्वनिमुद्रणांत बँजो वाजवत होता. त्या तबकड्या आजही जगभर विकल्या जातात. तो पुढे न्यू ऑर्लिन्सला परतला आणि भिंतींना गिलावा करू लागला. आर्मस्ट्राँगचा गुरू जो ‘किंग’ ऑलिव्हर तर हिरड्या खराब झाल्यामुळे वाजवूच शकेना. १९३८ मध्ये तो सवाना शहरात वारला, तेव्हा एका बिलियर्ड्सच्या अड्ड्यावर झाडलोट करत होता.

आणि या सगळ्यांच्या आधीचा बडी बोल्डन. जन्म १८७७. जुने वादक सांगत की त्याच्या कॉर्नेटचा आवाज शहरभर ऐकू जाई आणि लोक दुसऱ्या बँडला सोडून त्याच्याकडे धावत. १९०७ मध्ये, तिशी गाठण्याआधीच, मानसिक आजारामुळे त्याला सरकारी वेड्यांच्या इस्पितळात टाकलं. तिथेच २४ वर्षं काढून १९३१ मध्ये तो मेला. गरिबांच्या दफनभूमीत, नाव नसलेल्या जागी त्याला पुरलं. त्याच्या वादनाची एकही तबकडी मिळालेली नाही. त्याच्या बँडचा एकच फोटो उरला आहे. जॅझची बाजारात आलेली पहिली तबकडी १९१७ ची. ती वाजवली होती गोऱ्या मुलांच्या बँडने. निर्माता इस्पितळात आणि तबकडीवर दुसऱ्याचं नाव. हे तर आपल्याला समजावून सांगायला नको.

आज मी ज्याच्यासाठी आलो आहे तो जॉर्ज लुईस. जन्म १९००. नोटेशन येत नव्हतं, क्लॅरिनेट स्वतःच्या कानाने शिकला. दिवसा गोदीत माल उतरवायचा, रात्री वाजवायचा. १९४४ मध्ये गोदीत अपघात झाला आणि त्याच्या छातीला जबर मार लागला. तो घरी अंथरुणावर पडून होता. तेव्हा त्याचे सोबती, बँजोवाला लॉरेन्स मॅरेरो आणि बासवाला ‘स्लो ड्रॅग’ पावाझो, वाद्यं घेऊन त्याच्या घरी आले. बिल रसेल नावाचा गोरा संशोधक ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन आला. त्या आजारी माणसाने वाजवलेली एक संथ धून ‘बर्गंडी स्ट्रीट ब्लूज’ या नावाने पुढे जगभर गेली. इंग्लंड आणि जपानमध्ये मुलं ती धून ऐकून क्लॅरिनेट शिकली. घरी गेल्यावर मोबाइलवर ऐका. ठेचलेली छाती आणि त्यातून निघणारा श्वास. मला तर तो प्रत्येक सुरात ऐकू येतो.

पण आठवण जपणारा बाहेरचा असला की काय होतं, तेही पाहू. बंक जॉन्सन हा ट्रम्पेटवादक. १९३० नंतरच्या मंदीत एका नाचाच्या कार्यक्रमात मारामारी झाली, त्याच्या बँडचा प्रमुख इव्हान थॉमस मंचावरच मारला गेला आणि बंकचा ट्रम्पेट मोडला. पुढे दातही गेले. दात नाहीत तर ट्रम्पेट नाही. तो न्यू आयबेरिया या छोट्या गावात मिळेल ती मजुरी करू लागला. १९३८-३९ च्या सुमाराला संशोधकांनी पत्र पाठवून त्याला शोधलं. त्याच्यासाठी वर्गणी काढून कवळी बसवली. ती बसवली लिओनार्ड बेशे यांनी. हा दंतवैद्य प्रसिद्ध वादक सिडनी बेशे यांचा भाऊ. १९४२ मध्ये, आयुष्यात पहिल्यांदा, बंकचं वादन तबकडीवर आलं.

बंकने संशोधकांना सांगितलं की माझा जन्म १८७९ चा आणि मी बोल्डनबरोबर वाजवलं आहे. पुढे कागदपत्रं तपासणाऱ्यांचं मत असं झालं की त्याने आपलं वय जवळजवळ दहा वर्षांनी वाढवलं होतं. अनेकांनी त्याला खोटारडा ठरवलं. मी वेगळा प्रश्न विचारतो. म्हातारा असल्याशिवाय ज्याला कोणी विचारतच नाही, तो माणूस वय वाढवणार नाही तर काय करणार? त्या गोऱ्या रसिकांना ‘शुद्ध’ आणि ‘जुनं’ हवं होतं. बंकला मात्र त्या दिवसांत रेडिओवर गाजणारी गाणी वाजवायची होती, नोटेशन वाचणाऱ्या वादकांबरोबर. १९४७ मधल्या अखेरच्या ध्वनिमुद्रणात त्याने आपल्या पसंतीचे सोबती घेऊन ते करून दाखवलं. दोन वर्षांनी तो वारला.

मित्रांनो, हे आपल्याकडे रोज घडतं. सांस्कृतिक महोत्सवात आपल्या कलावंताला बोलावतात, पण त्याने फेटा बांधून, घुंगरू बांधून ‘लोककला’च सादर करायची. त्याने आजचं काही म्हटलं, संविधानावर गाणं म्हटलं, की आयोजकांचा चेहरा उतरतो. आपली आठवण त्यांना हवी असते, आपलं मत नको असतं.

दुसरा सापळा ‘रक्तातलं संगीत’ हा. काळ्या माणसाच्या रक्तातच ताल असतो, असं गोरा रसिक कौतुकाने म्हणे. आपल्याकडेही म्हणतात, "यांचा गळा उपजतच गोड." ऐकायला गोड वाटतं, पण या वाक्यात माणसाची मेहनत आणि शिक्षण गायब होतं. खरं काय होतं ते बघा. जेम्स ब्राउन हम्फ्री नावाचे एक काळे संगीत शिक्षक होते. लोक त्यांना ‘प्रोफेसर’ म्हणत. ते न्यू ऑर्लिन्समधून रेल्वेने उसाच्या मळ्यांवर जात. तिथल्या मजुरांना आणि त्यांच्या मुलांना, म्हणजे कालच्या गुलामांच्या लेकरांना, नोटेशन वाचायला आणि वाद्य धरायला शिकवत. मॅग्नोलिया मळ्यावर त्यांनी सबंध बँड उभा केला. त्या मळ्यांवर शिकलेली मुलं पुढे शहराच्या बँडमध्ये आली. त्यांचे नातू विली आणि पर्सी हम्फ्री नव्वदीच्या घरात पोहोचेपर्यंत वाजवत होते, आणि पर्सी पोटासाठी विमा विकत होता. हे काही रक्तातून आलेलं नाही. कोणीतरी दर आठवड्याला रेल्वेत बसून मळ्यावर गेलं, म्हणून आलं. सावित्रीमाई आणि जोतीरावांच्या लेकरांना यापुढे काही सांगायला नको.

बायकांबद्दलही बोललं पाहिजे. ‘स्वीट’ एमा बॅरेट पियानो वाजवायची. लाल टोपी आणि पायांत घुंगरांसारख्या छोट्या घंटा. पाय आपटला की घंटा ताल देत. तरुणपणी ती शहरातल्या मोठ्या बँडमध्ये पुरुषांच्या बरोबरीने वाजवत असे. १९६७ मध्ये पक्षाघात झाला आणि डावा हात गेला. ती थांबली नाही. १९८३ मध्ये मरेपर्यंत एकट्या उजव्या हाताने वाजवत राहिली. बिली पियर्स ही दुसरी. लहान वयात तिने बेसी स्मिथला पियानोची साथ केली होती. नंतर नवरा डीडी, जो कॉर्नेट वाजवायचा, आंधळा झाला. दोघं मिळून म्हातारपणी पुन्हा मंचावर आले.

ही म्हातारी मंडळी एकत्र वाजवू शकली ती प्रिझर्व्हेशन हॉलमध्ये. फ्रेंच क्वार्टर भागातली सेंट पीटर स्ट्रीटवरची छोटी जागा, १९६१ पासूनची. रंगभेद अजून संपला नव्हता. काळे-गोरे एकत्र वाजवायला बसले तर पोलीस उचलून नेत, अशा शहरात ही जागा चालली.

त्याच सुमाराला एक मोठं काम सुरू झालं होतं. १९५८ मध्ये तिथल्या तुलेन विद्यापीठात फोर्ड फाउंडेशनच्या पैशाने जॅझचा संग्रह उभा राहिला. बिल रसेल आणि रिचर्ड ॲलन टेप रेकॉर्डर घेऊन म्हाताऱ्या वादकांच्या घरी जाऊ लागले. तुझी आई काय काम करायची? पहिलं वाद्य कुठून आलं? त्या बँडमध्ये तुझ्या डाव्या हाताला कोण उभं असायचं? अशा शेकडो मुलाखती. आज त्या नसत्या तर या लोकांची नावंही उरली नसती. रसेलने साधेपणाने राहून सबंध आयुष्य या कामात घातलं. त्याचे उपकार मी नाकारत नाही.

पण आणखी एक तारीख लक्षात ठेवा. त्या विद्यापीठाने काळ्या विद्यार्थ्यांना पहिल्यांदा प्रवेश दिला तो १९६३ मध्ये. म्हणजे पाच वर्षं असं होतं की काळ्या म्हाताऱ्याचा आवाज विद्यापीठात जाऊ शकत होता, पण त्याची नात वर्गात जाऊ शकत नव्हती. आपली ओवी, आपली लावणी, आपली हलगी यांवर पीएचडी करणारे कोण आणि त्या वर्गात आपली मुलं किती, हा प्रश्न आपणही विचारायला हवा.

याचं उत्तर तिथल्याच एका वादकाने दिलं. डॅनी बार्कर, गिटार आणि बँजोवाला. त्याने आपल्या लोकांच्या आठवणी स्वतः लिहिल्या. १९८६ मध्ये त्याचं आत्मचरित्र आलं. लिहून थांबला नाही. १९७० च्या सुमाराला त्याने फेअरव्ह्यू बॅप्टिस्ट चर्चमध्ये वस्तीतल्या पोरांचा बँड काढला. रस्त्यावरचे बँड तेव्हा संपत चालले होते. ती पोरं मोठी झाली आणि त्यांच्यामुळे न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवर पुन्हा बँड दिसू लागले. आपल्याकडे भीमराव कर्डकांनी हेच केलं. जलसा उभा केला, गावोगाव नेला आणि त्याचा इतिहासही स्वतः लिहून ठेवला. दुसऱ्याने लिहावं म्हणून थांबले नाहीत.

जाता जाता मुंबईबद्दल. काकांना आठवणारं हॉटेलातलं जॅझ खरंच होतं. १९३५ मध्ये लिऑन ॲबी काळ्या वादकांचा बँड घेऊन ताजमध्ये आला. मागून क्रिकेट स्मिथ आणि टेडी वेदरफोर्ड आले. टेडीला तर १९४५ मध्ये कलकत्त्यात कॉलऱ्याने मरण आलं. अमेरिकेत समोरच्या दाराने जाता न येणारे हे लोक इथे साहेबांपुढे वाजवत होते. त्यांच्याकडून गोव्याचे वादक शिकले आणि तेच वादक पुढे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात बसले. कितीतरी गाण्यांतला ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन त्यांचा, पण पडद्यावर त्यांचं नाव नाही. अँथनी गोन्साल्विस हे नाव सगळ्यांना अमिताभच्या गाण्यातून माहीत आहे. ते एका खऱ्या वादकाचं, प्यारेलालजींच्या गुरूचं नाव आहे, हे किती जणांना माहीत असतं?

आता माझी गोष्ट सांगतो आणि थांबतो. माझे आजोबा नागपुरात गिरणीत होते. लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. लाल कोट, पितळी बटणं. वरात दारात पोहोचली की बँडवाले बाहेर थांबायचे. पंगती उठल्यावर त्यांना जेवण मिळायचं, मांडवाच्या मागे. आजी सांगायची की पहाटे डबा घेऊन गिरणीत जाताना त्यांचे ओठ सुजलेले असायचे. मी शिकलो, नोकरीला लागलो. माझ्या हातात चांगला मोबाइल होता आणि आजोबा आणखी काही वर्षं होते. मी त्यांना एकदाही विचारलं नाही की क्लॅरिनेट कोणी शिकवलं. खरं सांगायचं तर मला त्या लाल कोटाची लाज वाटायची. कॉलेजातल्या मित्रांना मी फक्त गिरणीचं सांगायचो. आज आमच्या घरात तो कोट आहे, त्यांचा एकही सूर नाही.

जॉर्ज लुईसची धून पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी रडलो ते याच्यामुळे. त्याच्या अंथरुणापाशी कोणीतरी यंत्र घेऊन गेलं होतं. माझ्या आजोबांच्या उशाशी मी होतो, यंत्रही होतं, पण मी विचारलं नाही. या वेळी दोष दुसऱ्या कोणाला देता येत नाही.

म्हणून एक साधी विनंती. या विहारात बसलेल्यांपैकी कितीजणांच्या घरात जलशात गायलेले, बँडमध्ये वाजवलेले, हलगी-संबळ वाजवलेले किंवा वाजवणं सोडून दिलेले आजी-आजोबा आहेत? या रविवारी त्यांच्यापाशी बसा. मोबाइल सुरू करा. "काहीतरी जुनं म्हणा" असं सांगू नका. पहिलं वाद्य कुठून आलं, कोणी शिकवलं, किती पैसे मिळायचे, जेवायला कुठे बसवायचे, कधी नाही म्हणालात, ते विचारा. नावं, गावं, वर्षं लिहून घ्या आणि दुसऱ्या माणसाकडून पडताळून पाहा. बोल्डनबद्दलच्या कितीतरी दंतकथा पुढे जुनी कागदपत्रं उघडल्यावर खोट्या ठरल्या. आपल्या माणसाला दंतकथेची गरज नाही, खरं तेवढं पुरेसं आहे. आणि ते गप्प राहिले तर गप्प राहू द्या. लाज त्यांनी कमावलेली नाही, त्यांच्यावर टाकलेली आहे. ती उतरायला वेळ लागतो.

आणि जमलं तर दोन पोरांना त्यांच्याकडे वाद्य शिकायला पाठवा.

जयभीम.